एक्स-रे स्पेक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश पंकचा विषय निघाला की आपल्याकडे सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश ही दोन नावं लगेच घेतली जातात आणि गप्पा तिथंच संपतात. एक्स-रे स्पेक्सचं एखादं गाणं कानावर पडलेले लोक मात्र हटकून विचारतात, की ही किंचाळणारी मुलगी कोण आणि मागे तो सॅक्सोफोन काय करतोय? असे नेहमी येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. मला विचाराल तर त्या सगळ्या पंक लाटेत आपल्या काळाकडे सगळ्यांत स्वच्छ नजरेनं पाहिलं ते याच बँडनं, आणि पुढची उत्तरं त्याच मतातून लिहिली आहेत.

हा बँड किती काळ टिकला?

१९७६ साली लंडनमध्ये जमला आणि १९७९ मध्ये फुटला. तेवढ्या काळात पाच सिंगल (एकेका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकड्या) आणि एक अल्बम आला. नंतर काही वेळा मंडळी पुन्हा एकत्र आली, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पंक म्हणजे नेमकं काय, थोडक्यात सांगाल?

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधलं रॉक संगीत फार मोठं आणि फार महाग झालं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, ट्रकभर वाद्यं, प्रेक्षकांपासून मैलभर दूर उभे राहणारे तारे. दुसरीकडे देशात महागाई आणि बेकारी वाढत होती, आणि शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या पोरांपुढे काही नव्हतं. त्या पोरांनी गिटारवरचे तीन कॉर्ड शिकून स्वतःचे बँड काढले. गाणी दोन-अडीच मिनिटांची, वेग जबर, आवाज कर्कश. वादनात तयारी नसली तरी चालेल, सांगण्यासारखं काही असलं पाहिजे, एवढाच दंडक होता. या शेवटच्या अटीवर कित्येक बँड नापास झाले. एक्स-रे स्पेक्सकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

पॉली स्टायरीन हे खरं नाव आहे का?

नाही. बँडच्या या गायिकेचं खरं नाव मॅरिअन जोन इलियट-सैद. जन्म ३ जुलै १९५७, केंटमधलं ब्रॉम्ली. आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वडील सोमाली. आई वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होती आणि दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये तिनं एकटीनं मुलांना वाढवलं. पंधराव्या वर्षी मॅरिअन खिशात तीन पाउंड घेऊन घराबाहेर पडली आणि हिप्पी मंडळींबरोबर एका संगीत महोत्सवातून दुसऱ्या महोत्सवात फिरत राहिली. पायात गंजका खिळा घुसून रक्तात विष पसरलं तेव्हा ती भटकंती थांबली. पुढे तिनं मारी इलियट या नावानं रेगेच्या ढंगाचं एक सिंगल काढलं, ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोडवरच्या ब्यूफोर्ट मार्केटमध्ये तिचा कपड्यांचा स्टॉल होता, तिथं ती झगमगीत प्लॅस्टिकच्या वस्तूही विकायची.

बँडसाठी नाव हवं म्हणून तिनं टेलिफोनची यलो पेजेस उघडली आणि पॉलिस्टायरीन हा शब्द उचलला. थर्माकोल ज्यापासून बनतो तेच हे प्लॅस्टिक. हलकं, स्वस्त, वापरून फेकून द्यायचं. पॉपस्टारची गतही हीच असते, असं तिचं म्हणणं होतं, आणि आपण त्या दुकानातलीच एक वस्तू आहोत हे तिनं पहिल्या दिवशीच नावात लिहून ठेवलं.

बँडचं नावही त्याच दुकानातलं. जुन्या अमेरिकन कॉमिक्सच्या मागच्या पानांवर ‘आरपार दिसणाऱ्या’ गमतीच्या चष्म्यांची जाहिरात असायची, तेच हे एक्स-रे स्पेक्स.

बँड जमला कसा?

३ जुलै १९७६ रोजी, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, पॉलीनं हेस्टिंग्जच्या समुद्रात बांधलेल्या पिअरवर सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहिला. सभागृहात फारसं कुणी नव्हतं. समोर वाजवणारी पोरं तिच्याच वयाची होती आणि त्यांना जे जमतंय ते आपल्यालाही जमेल, हे तिला तिथं कळलं. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये कित्येकांना असंच वाटलं, पण पॉली थांबली नाही. तिनं संगीताच्या साप्ताहिकांत जाहिरात दिली. तिच्याभोवती जमले ते असे: गिटारवर जॅक एअरपोर्ट, बास गिटारवर पॉल डीन, ड्रम्सवर बी. पी. हर्डिंग आणि सॅक्सोफोनवर लोरा लॉजिक. लोराचं खरं नाव सुझन व्हिटबी, तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची शाळकरी मुलगी होती. व्यवस्थापन फाल्कन स्टुअर्टकडे होतं.

कॉव्हेंट गार्डनमधल्या नील स्ट्रीटवर रॉक्सी नावाचा क्लब होता, लंडनच्या पंकचं पहिलं हक्काचं ठिकाण. हातावर मोजता येतील एवढे कार्यक्रम झालेले असतानाच बँड तिथं वाजवायला गेला आणि नेमकं तिथं ध्वनिमुद्रण चालू होतं. १९७७ मध्ये रॉक्सीतल्या बँड्सचा एकत्रित अल्बम निघाला, त्यात त्यांचं एक गाणं आलं. सरावाला वेळही न मिळालेला बँड त्यात ऐकू येतो, आणि तरीही त्या तबकडीवरून सगळ्यांत जास्त आठवतो तो हाच आवाज.

पंकमध्ये सॅक्सोफोन कुठून आला?

तेव्हाही लोकांना हे विचित्रच वाटलं होतं. सॅक्सोफोन म्हणजे जॅझ किंवा जुनं रॉक अँड रोल अशीच समजूत होती. लोराचं वाजवणं मात्र गुळगुळीत नव्हतं. गिटार खाली एकसारखी घरघरत असते आणि सॅक्सोफोन वरून मोटारीच्या हॉर्नसारखा मध्ये घुसतो, पॉलीच्या आवाजाशी भांडतो, कधी तिच्या सुराला सूर लावतो. पॉलीचा आवाज मुळात अफाट होता. शिक्षण ऑपेराचं घेतलं असतं तरी खपून गेला असता इतकी त्याची झेप होती. त्या आवाजाला उत्तर द्यायला गिटार पुरली नसती असं मला ठामपणे वाटतं. जॅकची गिटार काढून टाकली तरी गाणं ओळखता येतं, पण सॅक्सोफोन काढला तर ते दुसऱ्याच कुणाचं वाटू लागतं.

‘ओह बाँडेज! अप युअर्स!’ हे गाणं अश्लील आहे का?

नाव ऐकून अनेकांचा तसा समज झाला. सप्टेंबर १९७७ मध्ये व्हर्जिन कंपनीनं हे सिंगल काढलं. ते विक्रीच्या यादीत कुठंच पोचलं नाही.

सुरुवातीला वाद्यं नसतात. लहान मुलींनी दिसावं पण बोलू नये, असं काही लोकांना वाटतं, हे वाक्य पॉली अगदी लाडीगोडीनं, जवळजवळ कुजबुजत म्हणते, आणि पुढच्या क्षणी शीर्षक किंचाळते. मग बँड कोसळतो. किंग्ज रोडवर तेव्हा पट्ट्या-साखळ्यांच्या ‘बाँडेज’ कपड्यांची फॅशन होती, तो संदर्भ गाण्यात आहेच. पण पॉलीला अभिप्रेत असलेल्या साखळ्या दुसऱ्या होत्या. बाजाराच्या, वस्तूंच्या हव्यासाच्या, बाईनं कसं असावं याच्या. मताच्या हक्कासाठी स्वतःला कुंपणाला साखळदंडानं बांधून घेणाऱ्या इंग्लंडमधल्या सफ्रजेट बायकांचाही ती या संदर्भात उल्लेख करायची. गाण्यात सुटकेची विनंती कुठंच नाही, बंधनाला सरळ शिवी आहे. जेमतेम विशीच्या मुलीचं हे गाणं १९७७ साली आलं आणि ते अजून जुनं झालेलं नाही.

लोरा लॉजिक बँडमधून का गेली?

पहिलं सिंगल आल्यानंतर थोड्याच काळात ती बाहेर पडली, किंवा तिला बाहेर काढलं. शब्द कुणाची बाजू ऐकतो त्यावर ठरतो. वर्तमानपत्रांचं लक्ष पॉली आणि लोरा या दोघींवर वाटलं जात होतं, आणि एका मंचावर दोन तरुण मुली असल्या की त्यांची तुलना करायची सवय तेव्हाच्या लेखकांना होतीच. नंतर सॅक्सोफोनवर रुडी थॉमसन आला. अल्बमवर वाजवतो तो रुडी, पण त्यातल्या कितीतरी सुरावटी लोराच्या काळातल्या आहेत, आणि त्याचं श्रेय तिला मिळायला हवं होतं. लोरानं पुढे एसेन्शियल लॉजिक हा स्वतःचा बँड काढला. तोही ऐकण्यासारखा आहे.

पॉलीची गाणी कशाबद्दल आहेत?

खरेदी, प्लॅस्टिक, जाहिराती, आरसे, जंतू, टीव्ही. १९७७-७८ च्या पंकमध्ये राणी, पोलीस आणि बेकारी यांवर गाणी लिहिणारे पुष्कळ होते. सुपरमार्केटमध्ये उभं राहून आजूबाजूला पाहणारी ती एकटीच.

‘द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो’ या गाण्यात सगळं जग कृत्रिम झालं आहे. निवेदिका पॉलिप्रॉपिलीनची मोटार चालवते, चाकं स्पंजची आहेत, आणि ती विम्पी बार या बर्गरच्या दुकानात थांबून शिळा बन खाते. हे तक्रारीच्या सुरात गायलेलं नाही. तिच्या आवाजात उत्सव आहे, रंगांचं खरं आकर्षण आहे, आणि त्याखाली भीतीही आहे. पॉलीची ताकद नेमकी इथं आहे. प्लॅस्टिकला नाकं मुरडणारे लोक तेव्हाही होते, पण ती स्वतः प्लॅस्टिकचे दागिने विकून पोट भरत होती, भडक रंगांचे कपडे घालत होती. आपण ज्याच्यावर बोट ठेवतोय त्यात आपणही बुडालेलो आहोत हे तिला ठाऊक होतं आणि तिनं ते लपवलं नाही. ‘प्लॅस्टिक बॅग’मध्ये तर ती स्वतःच्या डोक्यालाच प्लॅस्टिकची पिशवी म्हणते, जाहिरातींनी टाकलेला सगळा कचरा जिच्यात साठत जातो.

‘वॉरिअर इन वूलवर्थ्स’मधला बंडखोर पोरगा स्वस्त वस्तूंच्या साखळी दुकानात काम करतो. ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’मध्ये हव्या तशा माणसांची पैदास करणाऱ्या विज्ञानाची धास्ती आहे. जनुकांची जोडतोड प्रयोगशाळेत सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. ‘आयडेंटिटी’मध्ये ती विचारते, आरशात पाहताना तुला तू दिसतोस का, की टीव्हीवर, मासिकात पाहिलेलं कुणी? मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात दिवसभर स्वतःला न्याहाळणाऱ्या पिढीसाठी हे गाणं लिहिलं आहे असं वाटतं, पण ते १९७८ चं आहे.

आणि ‘जर्मफ्री अडोलेसन्ट्स’. स्वच्छतेच्या ध्यासानं पछाडलेली, दिवसातून कितीदा तरी दात घासणारी, एकमेकांना स्पर्श करायला घाबरणारी पोरं. बाकीची गाणी धावतात तर हे संथ, जवळजवळ तरंगत जातं. या गाण्यात पॉली कुणाची टर उडवत नाही, तिला त्या पोरांची माया वाटते.

तिच्या दातांच्या तारांचा इतका उल्लेख का होतो?

कारण त्या तिनं लपवल्या नाहीत. दातांना तारा, प्रसंगी डोक्यावर सैन्याचं हेल्मेट नाहीतर अंगावर भडक पिवळा-गुलाबी सूट, असा तिचा अवतार असे. रेकॉर्ड कंपन्या गायिकांना ज्या साच्यात बसवायच्या त्यात ती बसत नव्हती आणि बसायचं नव्हतंच. मला कुणी सेक्स सिम्बॉल बनवू पाहिलं तर उद्याच मुंडण करीन, असं ती म्हणाली होती. पुढे तिनं खरोखरच डोकं भादरलं.

ती मिश्रवंशीय होती याचा बँडशी काय संबंध?

थेट संबंध आहे, कारण ते दिवसच तसे होते. नॅशनल फ्रंट हा उघड वर्णद्वेषी पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत होता. काळ्या आणि दक्षिण आशियाई लोकांवर हल्ले होत होते. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टननं स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली आणि ईनॉक पॉवेल या स्थलांतरविरोधी राजकारण्याची बाजू घेतली. त्या बोलण्यावर उसळलेल्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली.

३० एप्रिल १९७८ रोजी या चळवळीनं अँटी-नाझी लीगबरोबर ट्रॅफल्गार चौकातून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा काढला. पार्कात क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बँड यांच्याबरोबर एक्स-रे स्पेक्सही वाजले. गर्दीचे अंदाज ८०,००० ते १,००,००० पर्यंत जातात. इतरांनी वर्णद्वेषाविरुद्ध गाणी गायली. पॉली नुसती मंचावर आली तरी गर्दीतल्या सावळ्या पोरींना काय म्हणायचं ते कळत होतं. इंग्लिश पंकमध्ये त्यांच्या रंगाची, पुढे उभी राहून बँड चालवणारी मुलगी त्यांना दुसरी दिसत नव्हती.

त्या मेळ्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे १९७८ रोजी, तिथून जवळ असलेल्या व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या तरुण बंगाली कापड-कामगाराचा वर्णद्वेषी हल्ल्यात खून झाला. हजारो आशियाई लोक त्याच्या शवपेटीमागून चालत गेले. गाण्यांनी हल्ले थांबत नव्हते. पण त्या पार्कात कोण कुणाच्या बाजूनं उभं होतं हे पाहिलं, म्हणजे बँड नुसता मजेसाठी नव्हता हे समजतं.

बँड लोकप्रिय होता का?

होता, पण मोजका. व्हर्जिननंतर ते ईएमआय इंटरनॅशनलकडे गेले. १९७८ मध्ये ‘द डे द वर्ल्ड टर्न्ड डे-ग्लो’ ब्रिटिश यादीत २३ वर, ‘आयडेंटिटी’ २४ वर आणि ‘जर्मफ्री अडोलेसन्ट्स’ १९ वर गेलं. डे-ग्लोची तबकडी चक्क भडक नारिंगी रंगाची होती. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘जर्मफ्री अडोलेसन्ट्स’ हाच अल्बम आला, बारा गाण्यांचा, तो ३० वर पोचला. मुखपृष्ठावर पाचही जण प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांत कोंबलेले दिसतात. बीबीसीवरच्या जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमात त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रण केलं, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात दिसले, न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्येही वाजवून आले. एवढं सगळं साधारण वर्षभरात.

मग बँड फुटला का?

पॉली थकली. उत्तर एवढंच आहे, पण त्यामागे बरंच काही आहे.

सतत दौरे, मुलाखती, अनोळखी लोकांच्या नजरा. १९७८ मध्ये डॉन्कास्टरच्या एका कार्यक्रमानंतर तिला आकाशात गुलाबी तेजाचा गोळा दिसला आणि आजूबाजूच्या वस्तूंना हात लावताच त्या तडतडताहेत असं वाटू लागलं. तिला रुग्णालयात नेलं आणि स्किझोफ्रेनिया असं निदान झालं. ते चुकीचं होतं. तिला बायपोलर डिसऑर्डर आहे हे १९९१ मध्ये स्पष्ट झालं. मधली सगळी वर्षं ती चुकीच्या नावाचा आजार घेऊन जगली.

याला बंडखोर कलावंताचं वेड म्हणून रंगवून सांगणारे लेख आजही दिसतात, त्यांचा मला राग येतो. ती एकवीस वर्षांची आजारी मुलगी होती, आणि तिच्याभोवतीच्या यंत्रणेला पुढचं सिंगल हवं होतं. एप्रिल १९७९ मध्ये ‘हायली इन्फ्लेमेबल’ आलं, ४५ वर अडकलं, आणि पॉलीनं बँड सोडला. तिच्याविना बँडला अर्थ नव्हता.

तिचा हरे कृष्ण पंथाशी काय संबंध?

एकटीनं केलेल्या ‘ट्रान्सल्युसन्स’ या शांत, जॅझकडे झुकलेल्या अल्बमनंतर, १९८३ च्या सुमारास ती इस्कॉनमध्ये गेली. हर्टफर्डशरमधल्या भक्तिवेदान्त मॅनरमध्ये ती राहिली. ही वास्तू बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं १९७३ मध्ये इस्कॉनला दिली होती. जुहूचं इस्कॉन मंदिर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तिथलं वातावरण परकं वाटणार नाही. लोरा लॉजिकही याच पंथात आली होती, म्हणजे बँडमध्ये दुरावलेल्या दोघी कृष्णाच्या दारात पुन्हा भेटल्या.

पंक गायिकेनं जपमाळ हाती घ्यावी याचं इंग्लिश पत्रकारांना फार आश्चर्य वाटलं. मला वाटत नाही. वस्तूंच्या हव्यासानं बांधलेलं मन ‘ओह बाँडेज’पासून तिच्या गाण्यांत आहे. मायेच्या बंधनाची भाषा तिला आश्रमात ऐकू आली तेव्हा ती ओळखीचीच असणार.

बाकीच्यांचं पुढे काय झालं?

जॅक एअरपोर्ट आणि बी. पी. हर्डिंग यांनी क्लासिक्स नूव्हो हा बँड उभारण्यात भाग घेतला. जॅक २००४ मध्ये कर्करोगानं गेला.

ते पुन्हा एकत्र आले का?

१९९१ मध्ये ब्रिक्स्टन अकॅडमीत अचानक एक कार्यक्रम झाला. १९९५ मध्ये पॉली, लोरा आणि पॉल डीन यांनी ‘कॉन्शस कन्झ्युमर’ हा अल्बम काढला. पण अग्निशमन दलाच्या बंबानं धडक दिल्यानं पॉलीच्या ओटीपोटाचं हाड मोडलं आणि अल्बमसाठी दौरा होऊ शकला नाही. एप्रिल २००८ मध्ये व्हिक्टोरिया पार्कच्या त्या मेळ्याला तीस वर्षं झाली म्हणून पुन्हा तिथंच कार्यक्रम झाला, त्यात ती ‘ओह बाँडेज’ गायली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅम्डनच्या राउंडहाउसमध्ये बँडच्या नावानं पूर्ण कार्यक्रम झाला, त्याचं ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध आहे.

पॉलीचं निधन कधी झालं?

२५ एप्रिल २०११, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, स्तनांच्या कर्करोगानं. शेवटचा अल्बम ‘जनरेशन इंडिगो’ त्याच्या महिनाभर आधी आला होता. तिची मुलगी सेलेस्ट बेल हिनं पॉल संगबरोबर आईवर केलेला माहितीपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. आईच्या अस्थी घेऊन सेलेस्ट भारतात येते तो भाग त्यात आहे. आईची आई म्हणून झालेली ओढाताणही त्यात आहे, आणि ती लपवलेली नाही, म्हणून तो पाहावा.

पुढच्या संगीतावर काही परिणाम झाला का?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘रायट गर्ल’ ही मुलींच्या पंकची चळवळ उभी राहिली, बिकिनी किलची कॅथलीन हॅना तिच्या आघाडीवर होती. त्या मुलींनी पॉलीचं ऋण उघडपणे मानलं. गंमत अशी की मूळ अल्बम अमेरिकेत रीतसर निघायलाच नव्वदचं दशक उजाडावं लागलं. तोवर तो आयात तबकड्या आणि कॅसेटच्या प्रतींतून हातोहात फिरत राहिला.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

थेट अल्बमपासून. साधारण पस्तीस मिनिटं लागतात. ‘ओह बाँडेज’ मूळ अल्बमवर नव्हतं, नंतरच्या आवृत्त्यांत जोडलं गेलं आहे, तेव्हा तशी आवृत्ती शोधा. पहिल्यांदा शब्द कळणार नाहीत, इंग्लंडमधल्या लोकांनाही कळत नव्हते. मग गीतांचा मजकूर समोर ठेवून दुसऱ्यांदा ऐका, आवाज मोठा ठेवून. गोंगाट अगदीच सोसत नसेल तर ‘जर्मफ्री अडोलेसन्ट्स’ हे एकच गाणं आधी लावा. ते आवडलं नाही तर बाकीची आवडण्याची शक्यता कमी. ते आवडलं तर ‘आयडेंटिटी’ लावा, आणि मग रॉक्सीतल्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाकडे वळा. त्यात लोरा आहे.